आईची तिथी

रेशमाच्या किड्यांच्या घराच्या उंबरठ्यापाशी आत्याबाईंचा पाय थांबला, तो थांबलाच.

मिंगचू त्यांच्या मागेच होती. हातात तुतीच्या पानांची परडी, अंगावर निळं रेशीम, आणि रेशमाच्या आत, कमरेला, कुणाला दिसणार नाही अशी तागाची दोरी. सुतकाची. आत्याबाईंच्याही कमरेला तशीच होती. नाव राजधानीच्या, लिनआनच्या, धक्क्याला लागण्याआधी दोघींनी एकमेकींच्या गाठी चाचपून पाहिल्या होत्या. शहरात कुणाच्या लक्षात आलं नाही. राजवाड्याच्या तीन दारांवर खोजांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं, तिथंही निभावलं. आणि एवढं सगळं ओलांडून आलेल्या आत्याबाई आता वीतभर उंचीच्या एका लाकडापुढे अडल्या होत्या.

"चला ना," मिंगचू कुजबुजली.

"नाही गं."

"आत्याबाई, लोक बघताहेत."

"बघू देत. माझ्याच्यानं आत जाववायचं नाही. किडे कात टाकायच्या चौथ्या झोपेला टेकलेत."

नावेत चोंगलीनं, तिच्या नवऱ्यानं, दोघींकडून सगळं घोकून घेतलं होतं. सासूबाई कशा आहेत असं विचारलं तर काय सांगायचं, कुणाशी किती बोलायचं, कुठं हसायचं. हे एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पुरुष तो. पण त्यांच्या गावाकडे, हूचौच्या मुलखात, शेंबड्या पोरीलाही विचारा: सुतकातल्या माणसाची सावली किड्यांवर पडली, की किडे पिवळे पडून परडीतच सडतात. मिंगचू स्वतः शहरातल्या कारकुनाची लेक, तिचा यावर विश्वास नव्हता. तरी आत्याबाईंना बाजूला सारून आपण पुढे व्हावं म्हणून ती पाऊल उचलायला गेली, आणि तेही उचललं गेलं नाही.

आतून किडे पान खात असल्याचा आवाज येत होता. बारीक, सतत, कोंडा पाखडावा तसा. मग त्या आवाजातून पावलं आली, आणि पट्टराणी बाहेर डोकावली.

आजच्या दिवशी किड्यांना पहिला घास तिनं आपल्या हातानं द्यायचा, मग अंघोळ करून, मुकुट घालून, वेदीपाशी जाऊन सोन्याच्या आकडीनं तुतीच्या तीन फांद्या ओढायच्या, अशी रीत. त्यामुळे आत्ता ती साध्या सुती कपड्यांत होती, केस फडक्यात बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. दोघी गुडघ्यांवर टेकायला गेल्या, तशी तिनं हातानंच थांबवलं.

"आज ते नको. ये आत्या, आत ये. बघ तरी कसे झालेत! आईच्या हातची अंडी, एकही वाया गेलं नाही."

"येते हं... येते, राणीसाहेब. गुडघा जरा धरलाय."

"एवढ्याशा उंबऱ्याला? मागल्या साली तर माझ्या आधी धावलीस. बरं, वहिनी, तू ये. परडी जड असेल."

"माझी अडचण आहे, वन्सं," मिंगचू खाली बघत म्हणाली. कारण चटकन सुचलं याचं तिला बरं वाटलं.

"मग तू राहा बाहेर." पट्टराणी हसली, आणि आत्याबाईंकडे वळली. "आणि तू गं? तू काय बाळंतीण आहेस?"



*

आ-यूनला, कारण पट्टराणी होण्याआधी एकवीस वर्षं ती आ-यूनच होती, हे आईनं पाळण्यातल्या गाण्यासारखं शिकवलं होतं. किड्यांच्या घरात तीन बायकांनी येऊ नये. विटाळातल्या, बाळंतीण, आणि सुतकातल्या. चौथी बाई नाही.

आत्या अडुसष्ट वर्षांची होती.

आपण आत्ताच केलेली थट्टा तिच्याच कानात परत वाजली. तिनं आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. आत्या नाकासमोर बघत होती, ओठ घट्ट मिटून, एखाद्या पोरानं तोंडात काही लपवावं तसे. कोण गेलं असेल? आत्याचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली. तिचा मुलगा परवाच धक्क्यावर भेटला म्हणून तिच्या दारचा खोजा दू सांगत होता. आणि वहिनी? वहिनीची खरंच अडचण आहे, की...

आत्याच्या आणि वहिनीच्या दोघींच्या डोक्यावर असलेलं माणूस एकच होतं.

पण आईचं पत्र तर दहा दिवसांपूर्वी आलं होतं! 'थंडी गेली म्हणून पायात मोजे घालायचं सोडू नकोस. राजवाड्यातली फरशी ओली असते.' ते पत्र अजून तिच्या उशाशी होतं. आईला अक्षर येत नसे. ती सांगायची आणि मिंगचू लिहायची. गेली अठरा वर्षं, वाण्याला लिहायच्या चिठ्ठीपासून.

आ-यूननं मिंगचूच्या हाताकडे पाहिलं. परडीच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती.

"आई?" तिचे नुसते ओठ हलले.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, बाकी चेहरा तसाच दगडासारखा.

आ-यून ओरडली नाही. किड्यांच्या घरात ओरडायचं नसतं, रडायचं नसतं, भांडं आपटायचं नसतं. तिनं हातातली पानं परडीत पसरली. एक किडा मान उंच करून स्थिर झाला होता, झोपेत शिरत होता. त्याच्यावरचं पान तिनं दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. परडीवर जाळी ओढली. मग तिला जाणवलं की अंगात काहीतरी पेटलंय, आणि ते दुःख नाही. दुःख अजून कुठंतरी नदीच्या पलीकडच्या काठावर होतं. हा संताप होता. तळव्यांपासून निघून कानशिलांपर्यंत चढलेला.

आपणही आता इथं चालत नाही, हे ध्यानात येऊन तिनं उंबरठा ओलांडला.

"पानांच्या पडवीत चला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि दादाला बोलवा."

*

पडवीत तुतीच्या पानांचे ढीग होते, ओल्या फडक्यांखाली झाकलेले. भिंतीपलीकडे किडे झोपत होते. अंगणापलीकडे धाकटी राणी यान आपल्या पंधरा बायका घेऊन वेदीच्या वाटेवर केव्हाच येऊन थांबली होती. म्हणून आत्याबाईंनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं असं भांडण त्या दिवशी झालं. एकही शब्द मोठ्यानं न उच्चारता.

चोंगली आला तो दरबारी झग्यात. यंदा वेदीसाठी तुतीची पानं आणायचा मान त्याच्या फान घराण्याला मिळाला होता, म्हणून त्याला कुंपणाच्या आत पाऊल टाकता आलं होतं. बहिणीला पाहताच तो रिवाजाप्रमाणे वाकला.

"राणीसाहेब..."

"उठ. माझ्यापुढे वाकू नकोस, मला शिसारी येते. आई कधी गेली?"

चोंगलीनं बायकोकडे जळजळीत पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मिंगचू फिसकारली. "माझ्या तोंडून अक्षर गेलेलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"आत्याच्या पायांनी," आ-यून म्हणाली. "ती आत आली नाही."

चोंगलीला उमगायला क्षण लागला. मग त्यानं कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता. "आत्या! तीन दरवाजे, चाळीस खोजे, त्या यानच्या घारीसारख्या बायका, सगळ्यांना फसवलंत. आणि किड्यांना फसवता आलं नाही?"

"किड्यांना नाही फसवता येत, बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

"दादा, मी विचारलं ते सांग. कधी?"

"सांगतो. सगळं सांगतो. आजचा दिवस जाऊ दे."

"म्हणजे मी आकडी धरून झाल्यावर."

"हो! आकडी धरून झाल्यावर!" त्याचा आवाज चढला, तसा त्यानं स्वतःच तो आवळला. "तुला कळत का नाही? सुतकातली बाई वेदीपाशी चालत नाही. तू नाही तर आकडी कुणाच्या हातात जाईल? यानच्या. तिला पाच वर्षांचा मुलगा आहे. तुला काय आहे?"

आत्याबाईंनी डोळे मिटले. असं नको होतं बोलायला.

"बोल की," आ-यून म्हणाली. "थांबलास का? मी वांझ आहे. सगळा दरबार माझ्या पाठीमागे म्हणतो, तू तोंडावर म्हण. भाऊ आहेस."

"मी तसं म्हणत नाही. आकडी एकदा दुसरीच्या हाती गेली की परत येत नाही, एवढंच म्हणतो. पुढल्या वसंतात तीच पट्टराणी. मग तू कुठल्या तरी मठात डोकं भादरून बसशील, आणि आम्ही? घरातली बावीस माणसं तुझ्या नावावर उभी आहेत."

"आईच्या नावावर कोण उभं आहे?"

"आईनंच सांगितलं होतं," चोंगली पटकन म्हणाला. "शेवटच्या घटकेला. म्हणाली, रीत पार पडेपर्यंत पोरीला कळू देऊ नका."

आ-यूननं त्याच्याकडे पाहिलं नाही. "आत्या, असं म्हणाली होती?"

आत्याबाई पानांच्या ढिगाकडे बघत राहिल्या. चोंगलीच्या बाजूनं बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. घर त्याचं होतं, मुलाचा नि म्हातारपणाचा घास त्याच्या हातचा होता. आणि ज्या सकाळी हे घडलं त्याच सकाळी त्यानं दोघींना पूर्वजांच्या पाट्यांपुढे उभं करून आपल्या मुलाच्या डोक्याची शपथ घातली होती, दिवस कुणाला सांगायचा नाही म्हणून. दिवस सांगायचा नाही. पण मेलेल्या भावजयीच्या तोंडी खोटं घालणं त्या शपथेत नव्हतं.

"ती काहीच बोलली नाही," त्या म्हणाल्या. "तिला वेळच नाही मिळाला, पोरी. अंड्यांचा कागद, ऊब द्यायला, छातीशी बांधून बसली होती उन्हाला, दर वर्षीसारखी. मी म्हटलं, वहिनी, आता मला द्या, तुम्ही जरा पडा. उत्तर आलं नाही. हात लावला तर मान कलंडली. अंग ऊन होतं अजून. अंडी तिच्या अंगाला चिकटलेली."

"आत्या, पुरे," चोंगली म्हणाला.

"तूच म्हणालास ना, कागद गार होऊ देऊ नको? तूच म्हणालास, अंडी वेळेवर राजवाड्यात गेली नाहीत तर शंका येईल. मी तिच्या छातीवरचा काढला आणि माझ्या छातीशी बांधला. रडू नको म्हणालास, अंडी हादरतात. मी नाही रडले. चार रात्री कूस बदलली नाही मी."

भिंतीपलीकडचा आवाज आता विरळ झाला होता. आ-यूननं त्या भिंतीवर हात टेकला.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही तिला इथं आणलंत," ती म्हणाली. "झगा घालून, तोंडाला पावडर फासून. आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर टेकायला लावलंत. माझी आई. मला तिला हात धरून उठवताही येईना, खोजे बघत होते. त्यानंतर ती परत आली नाही. तिला म्हणे नावेत मळमळतं. नाव! तळ्यात जन्मलेली बाई ती. मला वाटायचं, अंडी येताहेत ना, म्हणजे आई येतेय. आणि यंदा तुम्ही मला तिच्या मढ्यावरची अंडी पाठवलीत, वर पत्र लिहिलंत, मोजे घाल म्हणून."

"ते मीच लिहिलं," मिंगचू म्हणाली. तिचे ओठ वाकडे झाले. "हे म्हणाले लिही, मी लिहिलं. पण मोज्यांचं यांनी नव्हतं सांगितलं. ते त्या दर वर्षी सांगायच्या. माझ्या हाताला सवय होती."

"तिची शवपेटी कुठंय?"

मिंगचूनं नवऱ्याकडे पाहिलं.

"वहिनी."

"मागच्या कोठारात. चुन्यात. वरून कोषांची पोती रचलीत. उदबत्ती नाही लावली, वास गल्लीत जातो म्हणून."

"शाबास," आ-यून म्हणाली. "शाबास, दादा. आणि पूर्वजांत मांडायची नावाची पाटी?"

"पाटी तयार आहे," चोंगली म्हणाला. त्याला वाटलं, निदान हे ऐकून तरी ती निवेल. "उत्तम लाकूड. सोन्याची अक्षरं."

"आणि तिथी?"

मग मिंगचूनंच, नवऱ्याकडे न बघता, सांगून टाकलं. "चौथ्या महिन्याचा पाचवा दिवस. कोरून झालीय."

आज तिसऱ्या महिन्याचा एकोणतिसावा होता. आ-यूननं बोटांवर मोजलं, लहान मुलीसारखं, अंगठा एकेका पेरावर टेकवत. "म्हणजे तुमच्या हिशेबी आई अजून सहा दिवस जिवंत आहे. मग माझ्याशी बोलायला बोलवा तिला. बोलवा ना! मला तिला विचारायचंय, असली पिलावळ जन्माला कशी घातलीस."

"दुसरा इलाज नव्हता!" चोंगली दात आवळून म्हणाला. "आईबापाचं मरण लपवलं तर कायदा काय म्हणतो माहीत आहे ना? हद्दपारी. दक्षिणेला, तापाच्या मुलखात. म्हणून तिथी पुढची हवी. पुढची तिथी असली की काही लपवलंच नाही."

"आणि दर वर्षी चौथ्या महिन्याच्या पाचव्याला तू ताट मांडणार."

"मांडणार. पंचपक्वान्नांचं."

"आणि आई येणार ती ज्या दिवशी गेली त्या दिवशी. तो दिवस तिला माहीत आहे, तिला वाचता येत नाही तुझी पाटी. येणार, दाराशी उभी राहणार. चूल थंड. ताट नाही. दर वर्षी. तुझा मुलगा मांडेल तेव्हाही, त्याचा मुलगा मांडेल तेव्हाही. तुझ्या हद्दपारीला कधीतरी शेवट आहे, दादा. चुकीच्या तिथीला नाही."

"मग मला हद्दपार कर!"

"मला दिवस सांग."

"नाही सांगणार."

"आत्या?"

आत्याबाईंनी मान हलवली. "पोराच्या डोक्याची शपथ आहे गं."

अंगणात घंटा वाजली. खोजा दू पडवीच्या दाराशी येऊन खाकरला. "राणीसाहेब, पाणी तयार आहे. मुकुट आणलाय. वेळ होत आली."

चोंगलीनं झग्याची कड धरून जमिनीला कपाळ टेकलं. "आ-यून," तो कुजबुजला. राणीसाहेब म्हणायचं तो विसरला होता. "तीन फांद्या फक्त. तीन फांद्या ओढ आणि मग माझं काय हवं ते कर."

ती त्याला ओलांडून गेली.

*

वेदी म्हणजे मातीचा चौथरा, पुढे तुतीची जुनी झाडं, भोवती पिवळ्या पडद्यांचं कुंपण. राण्या आणि सरदारांच्या बायका रांगेनं उभ्या होत्या, चांदीच्या आकड्या हातात घेऊन. पहिली यान. चोंगली पानांची टोपली घेऊन डाव्या झाडाखाली गुडघ्यांवर होता, आणि त्याचं सगळं लक्ष वाटेकडे होतं.

ती आली. मुकुट घालून आली, डोक्यावर मोत्यांच्या झालरी, निळाशार झगा. चोंगलीच्या छातीतला श्वास सुटला. आली म्हणजे धरणार. लहानपणीही अशीच करायची, आकाशपाताळ एक करायची आणि शेवटी मुकाट्यानं जेवायला यायची.

खोजा दूनं पिवळ्या वस्त्रावरची सोन्याची आकडी दोन्ही हातांनी पुढे केली.

तिनं हात वर नेले, पण आकडीकडे नाही. तिनं मुकुटाचा एक काटा उपसला. मग दुसरा. मग तिसरा. मोती तिच्या कपाळावर तिरपे झाले. तिनं मुकुट काढला आणि आकडीच्या शेजारी, त्याच वस्त्रावर ठेवला. दूच्या हातांना वजन पेलेना, ते खाली आले. केस सुटून तिच्या खांद्यांवर पडले.

"माझी आई वारली आहे," ती म्हणाली. पहाटेपासून ती प्रथमच मोठ्यानं बोलत होती, आणि तो आवाज पार झाडांपलीकडे गेला. "मला आज कळलं. मी या कामाला चालत नाही. हे ज्याला द्यायचं त्याला द्या."

रांगेत सळसळ झाली. यान एक पाऊल पुढे आली आणि मग शहाणपणानं अर्धं मागे गेली.

खोजा दू म्हातारा होता, त्यानं तीन पट्टराण्या पाहिल्या होत्या. त्यानं आकडी आणि मुकुट शेजारच्याकडे दिले, गुडघ्यांवर बसला, आणि वही उघडली. रीत मोडली तर कारण लिहावं लागे. "तिथी, राणीसाहेब? मातोश्री कुठल्या दिवशी गेल्या?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिच्या मुलाला विचारा. तो तिथं बसलाय. तो सांगेल ती तिथी लिहा."

सगळ्या माना चोंगलीकडे वळल्या.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती नुसती उभी होती, रिकाम्या हातांनी, आणि त्याला आपली सगळी बहीण एका क्षणात कळली. तिनं त्याला पकडून दिलं नव्हतं. तिनं दार उघडं ठेवलं होतं. 'काल,' म्हटलं की झालं. काल गेली, निरोप घेऊन मीच आलो, रीतीत विघ्न नको म्हणून दोन घटका थांबलो. गुन्हा नाही. नोकरी जाईल सुतकापुरती, पुन्हा मिळेल. मुलगा घरी राहील, आपण घरी राहू. काल. एवढासा शब्द.

त्याच्या अंगाची आग झाली. तिनं स्वतःच्या तोंडानं त्याला खोटारडा म्हटलं असतं, शिपायांच्या हवाली केलं असतं, तर तो तिचा जन्मभर द्वेष करू शकला असता. तेवढंही तिनं त्याला दिलं नव्हतं. आकडी घालवली, मुकुट घालवला, बावीस माणसांच्या तोंडचा घास घालवला, आणि वर हे उरलेलं त्याच्या हातात ठेवून उभी राहिली!

"बोला, साहेब," दू म्हणाला. लेखणी शाईत बुडवलेली होती.

चोंगलीनं तोंड उघडलं. 'काल' जिभेवर होता. पुढल्या वर्षी याच सुमाराला आपण ताट मांडू, त्याच्या मनात आलं. जेवायच्या काठ्या आडव्या नाही ठेवायच्या वाडग्यावर, आईला आवडत नसे. भाताची वाफ वर जाईल. बाकीच्यांना काही कळणार नाही, वही बरोबर असेल, पाटी बरोबर असेल. आणि आपल्याला प्रत्येक वर्षी ठाऊक असेल की समोर कुणी बसलेलं नाही.

"तिसरा!" तो ओरडला. टोपली कलंडून पानं सांडली. "तिसऱ्या महिन्याचा तिसरा दिवस! सूर्य कासराभर वर आला होता. सव्वीस दिवस झाले. मी लपवलं, मी एकट्यानं. लिही! आणि तू, झालं तुझं समाधान? घे! घे तुझी तिथी!"

दूची लेखणी थांबली. क्षणभर त्यानं चोंगलीकडे असं पाहिलं, जणू अजून बदलता येईल. मग त्यानं लिहिलं.

आ-यून गुडघ्यांवर आली. उत्तरेकडे, जिकडे पाणी आणि हूचौ होतं, तिकडे तोंड करून तिनं दोन्ही तळवे जमिनीवर आपटले आणि हंबरडा फोडला. राजवाड्यातल्या बायका रुमाल ओठांशी धरून रडत, तसं नाही. हूचौच्या बायका रडतात तसं. गात, हेल काढत, मेलेल्याला नावं ठेवत आणि आळवत.

*तिसऱ्या महिन्याचा तिसरा गं दिस,*
*तुतीला फुटलं पान, माय माझी कासावीस.*

कुंपणापलीकडून, जिथं मिंगचू आणि आत्याबाईंना थांबवलं होतं, तिथून एक म्हातारा, चिरका आवाज तिच्या आवाजाला येऊन मिळाला. आता शपथ उरली नव्हती.

*सव्वीस दिवसांची माझी माय गं उपाशी,*
*ताट मांडलं ना कुणी, उभी होती दाराशी.*

यानच्या रांगेतल्या कुणा एका बाईनं, तीही हूचौकडचीच असावी, हातातली चांदीची आकडी खाली ठेवली आणि तोंडाला बाही लावली.

दोन शिपाई चोंगलीच्या मागे येऊन उभे राहिले होते. एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या मनातला राग कणभरही ओसरला नव्हता. तो बहिणीकडे बघत होता आणि त्याला तिचे केस धरून ओढावंसं वाटत होतं, लहानपणी ओढायचा तसे. तेवढ्यात, एक कडवं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत, तिनं मागे न बघता गुडघ्यांवरूनच आपलं अंग सरकवलं. हातभर मागे. तिच्यापुढे जमिनीचा एक तुकडा मोकळा राहिला. मुलगा तिथं बसतो. मुलीच्या पुढे, आईच्या सगळ्यांत जवळ.

"चला," शिपाई म्हणाला.

चोंगलीनं खांदा झटकला. "हात काढ. आधी आईकडे जाऊ दे. मग ने कुठं न्यायचं ते."